मागचं घर

माझ्याकडे एके काळी इतक्या घरांच्या किल्ल्या होत्या, की वाटेत एखाद्या पोलिसाने पिशवी उघडायला लावली असती तर मला चौकीत बसवूनच घेतलं असतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची, कागलच्या बैठ्या घराची, कुणाच्या कपाटाची, कुणाच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीची. घोटाळा नको म्हणून प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. यातलं एकही घर माझं नव्हे. घरवाले देशाबाहेर गेलेले आणि त्यांची घरं, त्यांच्या कुंड्या, त्यांची म्हातारी माणसं माझ्या गळ्यात पडलेली.

मी आमच्या चर्चची सेविका होते. नर्स म्हणून दवाखान्यात हयात काढली, तिथून निवृत्त झाले आणि पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बोलावून घेतलं. म्हणाले, "सालोमीबाई, आता घरी बसून काय करणार?" मी म्हटलं, "झोपा काढणार." ते हसले आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला. झोपेचं पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल.

बाहेरच्या लोकांना हे काम समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. मिशनरी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर टोपीवाला गोरा साहेब येतो. ते खोटंही नाही. माझी आजी अशाच एका गोऱ्या बाईच्या हाताखाली धुळाक्षरं शिकली. पण ते दिवस गेले. आता आमच्यासारख्या चर्चच्या मंडळ्या इथून माणसं तिकडे पाठवतात. कोण आफ्रिकेत शेतीशाळेत शिकवतं, कोण डोंगरातल्या दवाखान्यात काम करतं, आणि त्याच्या जोडीला तिथल्या लोकांत बसून प्रार्थना चालवतं. एकदा एसटीत शेजारच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडं तर समदी तुमचीच माणसं की. मग तुमी कशाला जाताय?" मी म्हटलं, "तिकडे गरज आहे." तर म्हणाल्या, "मग हितं काय कमी हाय?"

काही माणसांना देवाची हाक ऐकू येते आणि ती जातात. मला कधी ऐकू आली नाही. मला बंद घरातले गळके नळ तेवढे ऐकू यायचे.

आमच्याकडे कुणी परदेशी सेवेला निघालं की त्याची पाठवणीची उपासना होते. लेक सासरी पाठवताना जसं वातावरण असतं तसंच. गाणी होतात, बायका डोळे पुसतात. शेवटी जाणारा माणूस पुढे येतो आणि आपल्या घराची किल्ली वेदीसमोरच्या मेजावर ठेवतो. पाळकसाहेब विचारतात, "यांच्या मागचं कोण बघेल?" सगळी मंडळी उभी राहते आणि एका आवाजात म्हणते, "मागचं आम्ही बघू." पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मग सगळे खाली बसतात, जेवायला जातात आणि किल्ली माझ्याकडे येते.

उभं राहायला सगळी मंडळी, गादी उन्हात टाकायला एकटी सालोमी, असं मी चिडून म्हणायची. पण तेही पूर्ण खरं नव्हतं. म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे न्यायला कुणी ना कुणी गाडी काढायचं. कुणी नळवाला पाठवायचं. तिकडे पाठवायच्या खोक्यात घालायला कांदा-लसूण चटणी तर इतकी यायची की माझ्या घराला तिचा वास कायमचा चिकटला. देवाच्या कामाला गेलेली माणसं इथून काय मागतात असं कुणी विचारलं तर मी छातीठोक सांगेन, चटणी मागतात. एकदा डबा फुटला आणि नाताळसाठी पाठवलेले गायकगटाचे पांढरे झगे तांबडेलाल होऊन पोचले. तिथल्या लोकांनी ते तसेच घालून गाणी म्हटली असं नंतर कळलं.

या कामाचा एक अलिखित नियम होता. तिकडे फक्त चांगलं कळवायचं. पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागायचे तेव्हाचा हा नियम. वाईट बातमी मिळेपर्यंत इकडे माती झालेली असायची, तिकडच्या माणसाने एकट्याने रडण्यापलीकडे काय करायचं? म्हणून जुन्या लोकांनी ठरवलं की बरं तेवढंच लिहायचं. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला, चेहरा दिसायला लागला, पण नियम तसाच राहिला. कागलचे एक गृहस्थ रजेवर आले तेव्हा त्यांना दारात वडील वॉकर धरून उभे दिसले. आम्ही वर्षभर ‘चालते-फिरते आहेत’ म्हणून कळवत होतो. त्यांनी वॉकरवरून हात फिरवला. पुढच्या रविवारी मंडळीचे आभार मानले. आम्ही ते आभार खुशाल घेतले. हे सगळं सांगते ते नेसरीच्या आक्कांसाठी.

शांतवन हा नेसरीचा मुलगा. वडील तो लहान असतानाच वारले. आई सोनाबाई, तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. थोडं रान वाट्याने लावलेलं, एक म्हैस, आणि जीभ अशी की तिच्यापुढे सरपंच जपून बोलायचा. पोरगं शिकायला कोल्हापुरात आलं, शेतकी शिकलं, आमच्या तरुण संघात रमलं. आमच्यातल्याच कृपाशी त्याचं लग्न झालं. ती शाळेत शिकवायची, तिला आईवडील नव्हते. दोघांनी आफ्रिकेत मलावीतल्या एका शेतीशाळेत जायचं ठरवलं तेव्हा मंडळीला कोण आनंद झाला. शहरातली माणसं पुष्कळ गेली होती, खेड्यातला हा पहिलाच.

पाठवणीच्या दिवशी आक्का पुढे आल्या. शांतवनच्या नावावर घर नव्हतं, म्हणून आईने पुढे यायचं ठरलं होतं. त्यांनी कमरेला खोचलेली पिशवी सोडली आणि मेजावर म्हशीचं दावं ठेवलं. चांगलं जाडजूड, वापरून गुळगुळीत झालेलं. पांढऱ्या फडक्यावर ते दावं, शेजारी मेणबत्त्या.

"किल्ली न्हाय माझ्याकडं," आक्का म्हणाल्या. "माझ्या घराला कदी कुलूप लावल्यालं न्हाय. ही म्हस हाय, तिचं दावं हे. बघतो म्हणताय न्हवं, बघा."

मागच्या बाकांवर हशा पिकला. पाळकसाहेबांनाही हसू आवरेना. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि सगळी मंडळी म्हशीसकट मागचं बघायला उभी राहिली. शांतवन आईकडे बघत होता आणि आई समोरच्या भिंतीकडे. ती रडली नाही.

त्यानंतर महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, सकाळची उपासना झाली की मी नेसरीची एसटी धरायची. दावं पहिल्याच खेपेला आक्कांना परत नेऊन दिलं. आक्कांना माझ्या मदतीची काडीची गरज नव्हती. उलट मीच तिथे जेवून, दूध पिऊन, दोन घटका लोळून यायची. म्हैस जवळ आली की मी खांबामागे जायची, त्यावर त्या भारी खूश.

"एवढी माणसं कापलीस दवाखान्यात आन् म्हशीला भितीस व्हय?"

"मी कापत नव्हते, आक्का. कापणाऱ्या डॉक्टरांना कात्री देत होते."

"त्येच की."

दुपारी माझ्या फोनवरून शांतवनला व्हिडिओ कॉल लावायचा. एरवी तो आईच्या बटणाच्या फोनवर बोलायचा, पण चेहरा दिसायचा तो या एका दिवशी. आधी म्हणायचा, "मोरीला दाव." मोरी म्हणजे म्हैस. मग मी जीव मुठीत धरून फोन गोठ्याकडे न्यायची. दूध किती देते, रेडकू कसं आहे, वैरण आहे का, सगळी चौकशी व्हायची. मग सून समोर यायची, सासू-सुना भाकरी आणि तिकडच्या मक्याच्या पिठावर बोलायच्या. शेवटी शांतवन प्रार्थना करायचा. आक्का डोळे मिटायच्या नाहीत. पोराचा चेहरा बघायला मिळतोय तेवढा वेळ मिटून कशाला घालवू, असं त्यांनी मला एकदा सुनावलं होतं.

इकडे चर्चमध्ये त्याचे अहवाल पडद्यावर दाखवायचे. त्याच्या शाळेतली मुलं, त्यांनी लावलेला मका, शेतात बसून केलेली प्रार्थना. आमच्या पोराने नाव काढलं म्हणून लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायची.

एका वर्षी ऊसतोडी सुरू झाल्या तेव्हा आक्कांचं जेवण कमी झाल्याचं माझ्या ध्यानात आलं. अर्धी भाकरी ताटात राहायला लागली. पित्त झालंय म्हणाल्या. मी त्यांना आडवं केलं आणि पोट दाबून पाहिलं. उजव्या बरगडीखाली हाताला दगडासारखं लागलं. नर्सचा हात असल्या गोष्टी विसरत नाही. मंडळीतल्या एकांनी गाडी काढली, कोल्हापुरात मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "लिव्हरभर पसरलंय. घरी न्या, त्रास होऊ देऊ नका."

गाडीत आक्कांनी सरळ विचारलं, "काय म्हनला त्यो?" मी थोडं आडून सांगायला गेले. "नीट सांग की," म्हणाल्या. मी नीट सांगितलं. कागल मागे पडेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

मग म्हणाल्या, "शांत्याला सांगायचं न्हाय."

"आक्का, तो एकुलता एक आहे."

"म्हनूनच. कळलं की त्यो येतोय. आला की परत जायाचा न्हाय, मला ठावं हाय त्येचं काळीज. एवढ्या लोकांम्होरं त्येला देवाच्या कामाला दिलाय. माझ्या पोटातल्या गाठीपायी त्यो माघारी याला नगं."

चर्चच्या कमिटीत मी हे मांडलं. मुलाला कळलं पाहिजे असं माझं मत होतं, तेही सांगितलं. पण नियम आधीपासून होता आणि आईची इच्छाही तीच होती, त्यामुळे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आईचा शब्द मोडणारे आपण कोण, असं एकजण म्हणाले. विषय तिथेच मिटला. हळूहळू मी आठवड्याला नेसरीत जायला लागले आणि मंडळीतल्या बाया आळीपाळीने राहायला. मागचं आम्ही बघू म्हणून उभं राहिलेली माणसं खरोखर बघत होती, हे मला कुणीही नाकारू देणार नाही. कुणी आक्कांचं अंग पुसलं, कुणी त्यांची लुगडी धुतली, कुणी रोज मऊ भात कालवून भरवला.

फक्त महिनाअखेरच्या कॉलचा प्रश्न उरला होता. अंगावर मांस नाही, डोळे आत गेलेले, अशी बाई पोराला कशी दाखवायची? म्हैस तर कधीच शेजारच्या दत्तूनानांच्या गोठ्यात गेली होती. दत्तूनाना शेतकरी माणूस, ऊस आणि चार जनावरं. त्यांना मी अडचण सांगितली. ते म्हणाले, "त्यात काय, बाई. म्हस आणू की पुन्हा."

मग दर वेळी ते नाटक व्हायचं. दुपारी दत्तूनाना मोरीला तिच्या जुन्या खुंट्याला आणून बांधायचे आणि म्हणायचे, "घ्या, नटीला आणलं." त्यांची बायको शालन आक्कांना आतून दोन स्वेटर घालायची, वरून लुगडं, डोक्यावरून पदर असा की गालाची हाडं झाकली जावीत. तोंडाला थोडी पावडर. पुढ्यात दुधाची चरवी. फोन मी लांब धरायची, ऊन आक्कांच्या पाठीशी येईल असा. चर्चच्या बाया स्वयंपाकघरात श्वास रोखून उभ्या. आणि आक्का, ज्यांना एरवी कूस बदलवत नसे, त्या ताठ बसून खणखणीत आवाजात विचारायच्या, "काय रं, जेवलास का?"

शांतवन हसायचा. सगळं बरं आहे म्हणायचा. मुलं चांगली शिकतात, पाऊस बरा झाला, मका जोरात आहे. इकडूनही सगळं बरं. फोन बंद झाला की शालन पदर बाजूला करायची आणि मी पुढे घमेलं धरायची. आक्का ओकायच्या. दत्तूनाना तोंड फिरवून मोरीला सोडून न्यायचे. मला त्या वेळी वाटायचं, आम्ही एका आईचं मन राखतोय.

असे काही महिने गेले. एका रविवारी कॉल झाला, फोन बंद झाला, मी घमेलं पुढे केलं. आक्कांनी ते हाताने बाजूला सारलं.

"सून कुठं हाय म्हनला त्यो?"

"शाळेत गेलीय म्हणाला."

"आज वार कुठला?"

"रविवार," मी म्हटलं.

"ऐतवारी कसली गं शाळा?" आक्का म्हणाल्या. "मागल्या खेपंला डोसकं धुवालती म्हनला. त्येच्या आदी शेजारी गेलती. चार खेपा झाल्या, तिनं तोंड दावलं न्हाय. आन् त्यो हसालाय ते बघितलास?"

"बघितलं की. नेहमीसारखाच हसत होता."

"न्हाय. समदं दात दावालता. बा मेल्यावर शाळंत कुनी काय इचारलं की असाच हसायचा. मास्तर म्हनायचं, तुमचं प्वार लई आनंदी हाय. आन् घरात आलं की गोठ्यात जाऊन म्हशीच्या मानंला मिठी मारून बसायचं." त्यांना धाप लागली. शालनने पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. "त्येचं कायतरी लई बिनसलंया. मी हितं सोंग करालोय, तसं त्यो तिकडं करालाय."

आमच्याकडच्या बायका मी करतो, मी जातो असंच बोलतात. पण त्या दिवशी आक्कांचा आवाज खरंच एखाद्या कर्त्या पुरुषासारखा होता. म्हणाल्या, "लाव परत फोन. त्येला सांग, मला बरं न्हाय म्हनून. समदं सांग, डॉक्टर काय म्हनला ते बी."

"आक्का, तुम्हीच तर नको म्हणाला होता. इतके दिवस एवढं सगळं केलं..."

"तवा त्यो बरा हाय असं वाटत हुतं मला. आता त्येला घराकडं याला कारण पायजे. तुमी समदी उभं ऱ्हायलासा न्हवं त्या दिवशी? एवढ्या लोकांम्होरनं गेल्यालं प्वार, मला तिकडं ऱ्हावत न्हाय असं म्हनून कसं माघारी येईल? लाजंनं मरंल. पन आई आजारी हाय म्हनून आला, तर कोन काय इचारतंय?" त्या भिंतीला टेकल्या. "माझं दुखनं त्येच्या उपेगाला येऊ दे."

शालन पदर तोंडाला लावून आत गेली. दत्तूनाना मोरीचं दावं हातात धरून तसेच उभे राहिले. मी अंगणात जाऊन फोन लावला. आयुष्यभर नातेवाइकांना वाईट सांगत आले, तसं सरळ, एका दमात सांगितलं. आजार काय आहे, किती पसरलाय, किती दिवस आम्ही लपवलंय. पलीकडे शांतवन रडायला लागला. तो रडण्याचा आवाज मला ओळखीचा होता. दवाखान्यात माणसं बातमी ऐकून रडतात ते निराळं, आणि बरेच दिवस कोंडलेलं सुटतं ते निराळं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मावशी, येऊ का मी?"

आईकडे यायला पोरगं माझ्याकडे परवानगी मागत होतं. "ये बाळा," मी म्हटलं. "कृपाला घेऊन ये. आणि कुणाला विचारत बसू नको."

ते आले त्या दिवशी मी नेसरीतच होते. शांतवन दारात चप्पल काढायचंही विसरला, तसाच आईच्या पायाशी बसला. कृपा मागे उभी होती. वाळून गेलेली, केस कसेबसे बांधलेले. आक्कांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होत्या सुनेकडे. तिच्या तोंडावरून, अंगावरून त्यांची नजर फिरली. मग हळू आवाजात विचारलं, "कदी गं?"

कृपाने सांगितलं. मुलगी होती. दिवस भरत आले होते, पण ती जिवंत जन्मली नाही. तिथल्या शाळेच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली तिला पुरलं. आधी दोनदा गर्भ पडला होता, म्हणून या खेपेला कुणालाच कळवलं नव्हतं. बाळ हातात आलं की सांगू, असं ठरवलं होतं. त्यानंतर कृपा खोलीबाहेर पडेना आणि शांतवन शाळेत जाईना. पडद्यावर आम्ही बघत होतो तो मका जुना होता.

आक्कांनी अंथरुणात सरकून जागा केली. "ये, पड हितं," म्हणाल्या. सून सासूच्या कुशीत आडवी झाली आणि मी त्यांच्या अंगावर चादर घातली. तिथे माझं काही काम उरलं नव्हतं.

बाहेर रिकाम्या खुंट्याजवळ शांतवन उभा होता. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्याने मान हलवली. "मावशी, एक सांगू? आक्का धडधाकट दिसत होती, म्हस बांधलेली दिसत होती. इकडं सगळं इतकं बरं होतं की यायला तोंडच नव्हतं. ती जरा जरी आजारी दिसली असती ना, त्या निमित्तानं तरी आलो असतो." तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

दोन स्वेटर, पावडर, चरवी, लांब धरलेला फोन. आम्ही जीव तोडून त्याच्या मागचं बघितलं आणि त्याची परतीची वाट आम्हीच बुजवली. माणसाला पाठवायचं कसं हे आम्हाला पाठ होतं. तो हात हलवत परत आला तर काय करायचं, याची उपासना आमच्या कोणत्याही पुस्तकात नव्हती.

कमिटीचा निरोप आला की शांतवनने येत्या रविवारी अहवाल सादर करावा, आणि परत कधी जाणार तेही सांगावं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, ती रीतच होती. रजेवर आलेला प्रत्येकजण बोलायचा. आक्कांना कळलं तशा म्हणाल्या, मीबी येतो. मी म्हटलं, वाटेत काही झालं तर? "व्हायचं ऱ्हायलंय काय आता?" त्या म्हणाल्या. मग गाडीत गादी घालून त्यांना कोल्हापुरात आणलं आणि पहिल्या बाकावर उशांना टेकवून बसवलं. अंगावर एकही स्वेटर नव्हता. लोकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि चर्चमधली कुजबुज बंद झाली.

शांतवन पुढे गेला. कागद काढला. "प्रिय मंडळी," म्हणाला आणि थांबला. परत सुरुवात केली, परत थांबला. मग त्याच्या तोंडावर ते हसू आलं, सगळे दात दिसणारं. आक्कांनी सांगितल्यावर मला ते आता नीट ओळखू येत होतं. कृपा बाकावर मान खाली घालून बसली होती. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांना काय करावं कळेना.

आक्कांचा आवाज चिरकला होता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला. "कागूद ठेव खाली. ये हिकडं, बस. आलास न्हवं, बास झालं."

आक्कांनी म्हशीचं दावं आदल्या दिवशीच माझ्या पिशवीत घालून ठेवलं होतं, कशाला ते सांगितलं नव्हतं. आता त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी उठले, ते मेजावर नेऊन ठेवलं, पाठवणीच्या दिवशी ठेवलं होतं तिथेच. शांतवनने ते उचललं. दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि मग तो मंडळीसमोर, कसलीही लाज न ठेवता, रडला.

पहिल्यांदा कोण उभं राहिलं ते मला माहीत नाही. मागून बाकं सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर सगळी मंडळी उभी होती. प्रश्न कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर काय द्यायचं तेही कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे नुसते उभे होते.

आक्का त्यानंतर थोडेच दिवस राहिल्या. आपल्या घरात, लेकाच्या मांडीवर गेल्या. कुणी म्हणतं तसं शांतपणे वगैरे नव्हे. त्रास झाला, मी तिथे होते. पण आदल्या दिवशीपर्यंत त्या सुनेला मोरीची धार काढायला शिकवत होत्या, अंथरुणातून, तोंडी. शवपेटीला आमच्या लोकांबरोबर दत्तूनानांनी खांदा दिला.

शांतवन आणि कृपा परत गेले नाहीत. तो रान कसतो, ती तिथल्या शाळेत शिकवते. काम अर्धवट टाकून आला, असं कमिटीतले काही लोक अजून म्हणतात. मी समोर असले तर म्हणत नाहीत.

मागच्या वर्षी माझे गुडघे गेले आणि मी हे काम सोडलं. माझ्या जागी आलेल्या बाई घरी आल्या, तेव्हा मी जुडगा त्यांच्या ओटीत टाकला. कुठली चिंधी कुठल्या घराची ते सांगितलं. कागलच्या घराची कडी वर उचलून लावावी लागते, राजारामपुरीत मोटारीचं बटण दोनदा दाबावं लागतं. त्या मान हलवत होत्या. निघताना म्हणाल्या, "मावशी, आणखी काही?"

"गाद्या महिन्याला उन्हात टाकत जा," मी म्हटलं. "माणूस कधी येईल सांगता येत नाही. आणि आला की का आलास म्हणून विचारू नका. आधी जेवायला वाढा."